भुताचा खेळ हवा, पण रात्री लेकीला झोप लागली पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची, मुलगा दहाचा. दोघांनाही भुताखेताचं आणि रहस्याचं भारी आकर्षण, पण धाकटी रात्री एकटी बाथरूमला जायला घाबरते. मोठ्याला शोध घ्यायला, डोकं लढवायला लागेल असा बोर्ड गेम हवाय. आजीही खेळायला बसतात, पण त्यांना घरात भुताचं नाव फारसं रुचत नाही. इंग्रजी वाचायला लागणारा खेळ नको. काय घ्यावं आणि कसं खेळावं?

मी बरीच वर्षं मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून पटावरचे खेळ खेळवतो, आणि हा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या घरासाठी दोन खेळ: ‘गाइस्टर, गाइस्टर, शात्झझुखमाइस्टर’, जो इंग्रजीत ‘घोस्ट फायटिन ट्रेझर हंटर्स’ या नावाने मिळतो, आणि ‘मिस्टेरियम किड्स’. एकच घ्यायचा असेल तर धाकटीकडे बघून ‘मिस्टेरियम किड्स’ घ्या. मूळचा मोठा ‘मिस्टेरियम’ आणि नेहमीचा ‘क्लूडो’ सध्या घेऊ नका.

आता कारण सांगतो, कारण ते कळलं की दुकानात तिसराच खोका समोर आला तरी तुम्हाला निवड करता येईल.

मुलांच्या खेळातली भीती दोन प्रकारची असते. एक चित्रातली: रक्त, कवटी, रिकामे डोळे, अंधारात उभी असलेली बाई. ही भीती खेळ मिटला तरी डोळ्यांसमोरून जात नाही आणि रात्री बाथरूमच्या दारात उभी राहते. दुसरी भीती चालीतली. आता फासा काय पडेल, त्या खोलीत तिसरं भूत आलं तर काय होईल, आपण वेळेत बाहेर पडू का? यानेही पोटात गोळा येतो, मुलं किंचाळतात, उशी तोंडावर धरतात. पण डाव संपला की ती भीतीही संपते, कारण ती नियमातून आलेली असते आणि नियम पट आवरला की थांबतात. लहान मुलांसाठीचा चांगला भुताचा खेळ म्हणजे ज्यात पहिली भीती जवळपास शून्य आणि दुसरी भरपूर. खोक्यावरचं चित्र बघून खेळ ठरवणारे पालक नेमकं उलटं करून बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे भूत कोणाच्या बाजूने आहे आणि मुलं कोणाच्या. सगळे मिळून भुताविरुद्ध खेळत असतील तर घाबरलेल्या मुलाच्या शेजारी त्याची माणसं असतात. भूतच मित्र असेल तर आणखी बरं. आणि मूल स्वतःच भूत झालं तर भीतीचा प्रश्नच वेगळा होतो. माझा ठाम सल्ला आहे: जे मूल सगळ्यात जास्त घाबरतं, त्याला पहिल्या डावात भूत करा. सत्ता त्याच्या हातात येते. कधी आवाज करायचा, कधी गप्प बसायचं, हे ते ठरवतं आणि मोठी माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसतात. बागुलबुवाची भीती दाखवून जेवायला लावणाऱ्या घरात वाढलेल्या मुलांना हा बदल किती सुखाचा असतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

‘मिस्टेरियम किड्स’ नेमका यावर उभा आहे. आंतोनँ बोकारा आणि इव्ह हिर्शफेल्ड यांचा हा फ्रेंच खेळ. जर्मनीत २००१ पासून लहान मुलांच्या सर्वोत्तम खेळाला ‘किंडरश्पील देस यारेस’ हा पुरस्कार देतात, तो २०२३ साली या खेळाला मिळाला. वय सहापासून पुढे, दोन ते सहा खेळाडू, डाव वीसेक मिनिटांचा. खोक्यात एक छोटी खंजिरी येते. एक जण एका कॅप्टनचं भूत होतो. त्याला बोलायचं नाही. समोर मांडलेल्या चित्रांपैकी एक चित्र त्याच्या मनात असतं आणि ते फक्त खंजिरीच्या आवाजातून इतरांना ओळखायला लावायचं. बोटांनी टकटक, नखाने खरखर, तळहाताने थाप, हलवून छुमछुम. बाकीचे एकमेकांशी बोलून ठरवतात की हे कोणतं चित्र. बरोबर ठरलं की खजिन्याच्या वाटेवर सगळेच पुढे सरकतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात खरा शोध आहे. पाऊस आणि घोडा दोन्ही टपटप वाजवता येतात. मग फरक कशात? लयीत. घोड्याला ठेका असतो, पावसाला नसतो. सात वर्षांच्या मुलांना हे कोणी शिकवावं लागत नाही, दोन डावांत आपोआप उमगतं. करवतीचा आवाज नखाने लांब ओढून काढता येतो. शांततेचं चित्र असेल तर? मी पाहिलंय, मुलं खंजिरी हळूच खाली ठेवून देतात. ओळखणाऱ्यांनीही नीट ऐकायचं असतं: थाप किती जोरात पडली, मध्ये थांबला का, शेवट कसा केला. मोठ्याला डोकं लढवायला हवंय ना? त्याला इथे भरपूर काम आहे, कारण समोरची चित्रं एकमेकांना गोंधळात टाकतील अशी येतात आणि मग ‘हे का नाही’ ते आधी ठरवावं लागतं.

आणि आजी. हा खेळ आजींसाठी तर उत्तमच आहे, कारण टाळ-चिपळ्या ऐकत वाढलेला कान ठेका लगेच पकडतो. त्यांना ‘भूत’ शब्द नको असेल तर म्हणू नका. खेळात तो एक कॅप्टन आहे, ‘कॅप्टनचं राज्य कोणावर?’ एवढं पुरतं. नियमांना याने काहीच धक्का लागत नाही. तिन्हीसांजेला भुताचे खेळ नकोत असं त्यांचं म्हणणं असेल तर तेही ऐका. लहान मुलांसाठी पहिला डाव दुपारीच खेळावा, असं मीही सांगतो, फक्त माझं कारण वेगळं आहे: झोपेच्या आणि खेळाच्या मध्ये जेवण, गप्पा, धावपळ असं काहीतरी यायला हवं.

आता दुसरा खेळ. ‘गाइस्टर, गाइस्टर’ ब्रायन यू यांचा, मॅटेलने काढलेला, २०१४ साली याच पुरस्काराचा मानकरी. वय आठपासून लिहिलंय, पण मोठं माणूस सोबत असेल तर सातच्या मुलीला अजिबात जड नाही. दोन ते चार खेळाडू, अर्धा तास.

एका पछाडलेल्या वाड्यात आठ रत्नं आहेत. ती सगळी उचलून सगळ्यांनी बाहेर पडायचं. प्रत्येकाच्या बाहुलीच्या पाठीवर पिशवी असते आणि रत्न खरंच त्या पिशवीत बसतं, एका वेळी एकच. एवढ्याशा गोष्टीने मुलं वेडी होतात. हाताने घडणारी गोष्ट मुलांच्या लक्षात राहते, पत्त्यावर छापलेली राहत नाही. खेळ पुढे जातो तशी खोल्यांमधून पांढरी भुतं येऊ लागतात. एका खोलीत दोन भुतं असली तर चालवून घेता येतं. तिसरं आलं की तिथे लाल, मोठं भूत उभं राहतं. अशी सहा लाल भुतं झाली की सगळेच हरले. पांढऱ्या भुताला एकट्याने फासा टाकून हाकलता येतं. लाल भुताला मात्र एकटा भिडू शकत नाही, त्याच खोलीत दुसरा साथीदार लागतो.

या शेवटच्या नियमामुळे मी हा खेळ इतक्यांदा सुचवतो. खेळताना कोणीतरी अडकतो आणि सांगतो, ‘इकडे या, मला लाल भूत लागलंय.’ मग दहा वर्षांचा दादा हातातलं रत्न दाराकडे न्यायचं सोडून बहिणीकडे वळतो, किंवा वळत नाही आणि सगळे हरतात. सहकार्याचं व्याख्यान कोणी देत नाही, वाड्याचा नकाशाच ते करायला लावतो. आणि भीती? ती पटावर दिसते, मोजता येते: चार लाल झाली, आता दोनच बाकी. मोजता येणाऱ्या गोष्टीला मुलं तोंड देऊ शकतात.

इथे एक धोका मात्र आहे आणि तुमच्या घरात तो नक्की येईल. दहा वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या चाली ठरवू लागेल. ‘तू इकडे जा, आजी तुम्ही तिकडे.’ सगळ्यांनी मिळून खेळायच्या प्रत्येक खेळाची ही दुखरी जागा आहे. उपाय साधा: ज्याची पाळी त्याने आधी स्वतः काय करणार ते बोलायचं, मग बाकीच्यांनी सल्ला द्यायचा, आणि शेवटचा शब्द पाळीवाल्याचा. हे पहिल्याच डावाच्या आधी ठरवा, मध्येच सांगितलं तर मोठ्याला आपल्यालाच बोलणी बसली असं वाटतं. दुसरं, चूक चाल होऊ द्या. धाकटी रत्न सोडून भुताच्या मागे लागली तर लागू दे. हरलात तर पाच मिनिटांत पट पुन्हा मांडता येतो. दोन-तीन डावांनंतर मोठ्याला सोपं वाटू लागलं की त्याच खोक्यात कठीण नियम आहेत, बंद होणारी दारं आणि रत्नं क्रमानेच उचलायची अट. ते तेव्हा वापरा.

आपल्याकडे घरातल्या लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ करून खेळात घेतात: आउट झाला तरी चालतो, राज्य येत नाही. प्रेमाचीच रीत आहे, पण सातव्या वर्षी मुलीला ते लागायला लागतं. वरच्या दोन्ही खेळांत कच्च्या लिंबूची गरजच पडत नाही. तिची थाप किंवा तिची चाल दादाच्या इतकीच मोलाची असते.

आता ‘रहस्य’ या भागाकडे येतो, कारण भूत वेगळं आणि रहस्य वेगळं, आणि मोठ्याची भूक बहुधा रहस्याची आहे. पटावरच्या रहस्याचा कणा म्हणजे वगळत जाणं: हा नाही, हाही नाही, म्हणजे तो. ‘क्लूडो’ याच कण्यावर उभा आहे. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रचला आणि वॉडिंग्टन्स कंपनीने १९४९ साली बाजारात आणला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, म्हणजे खून कोणी, कशाने आणि कुठे केला याच्या ३२४ शक्यता. खेळ सुंदर आहे, पण सात वर्षांच्या मुलीला आपले पत्ते लपवायचे, दुसऱ्याने कोणाला काय विचारलं ते लक्षात ठेवायचं आणि कागदावर नीट खुणा करायच्या ही तिन्ही कामं एकाच वेळी जमत नाहीत. ती चुकीची खूण करते, अर्ध्या तासाने चुकीचा आरोप करते आणि खेळातून बाहेर बसते. त्यात खुनाची गोष्ट. त्याच्या लहान मुलांसाठीच्या काही आवृत्त्यांत खुनाऐवजी केक कोणी पळवला असा प्रश्न असतो, त्या चालतील.

पण वगळण्याची गोडी लावायची तर मी ‘आउटफॉक्स्ड’ सुचवेन. २०१४ साली गेमराइटने काढला, वय पाचपासून, दोन ते चार खेळाडू, यातही सगळे एकाच बाजूला. एका कोंबडीबाईंचा ‘पाय’ (pie) नावाचा खाद्यपदार्थ कोल्ह्याने चोरलाय. सोळा कोल्हे संशयित. कोणाकडे छत्री, कोणाला चष्मा, कोणाची टोपी. प्रत्येक पाळीला आधीच ठरवायचं: पुरावा शोधायचा की संशयित उघडायचे. मग तीन फासे टाकायचे. तीन फेकीत हवं ते चित्र तिन्ही फाशांवर आलं तर काम झालं, नाहीतर चोर कोल्हा तीन घरं बिळाकडे सरकतो. पुरावा मिळाला की तो एका छोट्या यंत्रात सरकवायचा. खिडकीत हिरवा ठिपका दिसला तर चोराकडे ती वस्तू आहे, नसला तर नाही.

‘नसला तर नाही’ हे मुलांना कळायला जरा वेळ लागतो आणि तिथेच खरी मजा आहे. छत्री असल्याचं कळलं की छत्री नसलेले सगळे सुटतात. छत्री नसल्याचं कळलं की छत्रीवाले सुटतात. दुसऱ्या बाबतीत मुलं थबकतात. त्या वेळी उत्तर सांगू नका. एकच विचारा, ‘मग आता कोणाला घरी सोडायचं?’ मोठ्याला हे दोन डावांत हलकं वाटेल, हे खरं. त्याला मुख्य तपास अधिकारी करा: त्याने स्वतः काही न बोलता बहिणीकडून सोडवून घ्यायचं. हे काम वाटतं त्याहून अवघड आहे आणि दहा वर्षांच्या मुलांना त्याचा रुबाब आवडतो.

यात भूत नाही, म्हणून ज्या घरात भूत नकोच त्यांनी इथूनच सुरुवात करावी. तसाच आणखी एक खेळ, ‘द मॅजिक लॅबिरिंथ’, त्याच जर्मन पुरस्काराचा २००९ सालचा विजेता. पटाखाली न दिसणाऱ्या भिंती असतात, सोंगटीला खालून लोहचुंबकाने चिकटलेली गोळी असते आणि भिंतीला धडकली की गोळी ठणकन खाली पडते. तो ठणका ऐकून सगळे दचकतात. चित्रात काही भयानक नाही, तरी अंगावर काटा येतो. चालीतली भीती म्हणजे काय, ते बघायचं असेल तर हा खेळ एकदा खेळून बघावा.

इंग्रजी वाचनाबद्दल. वर मी सुचवलेल्या खेळांत खेळताना वाचायचं जवळपास काही नाही. नियमांचं पुस्तक एका मोठ्या माणसाने आदल्या रात्री वाचलं की काम झालं. खोका विकत घेण्याआधी पत्त्यांची छायाचित्रं बघा. पत्त्यावर परिच्छेद छापलेला दिसला तर तो खेळ मराठी माध्यमातल्या सात वर्षांच्या मुलीसाठी नाही, कितीही नावाजलेला असो. तिच्या हातातला गुपित पत्ता दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवायला लागला की गुपितही गेलं आणि खेळही.

याच कारणाने ‘बिट्रेयल’ मालिकेपासून सध्या लांब राहा. त्यात खोल्या उघडत जाता जाता मध्येच गोष्ट पालटते आणि बहुतेक वेळा आपल्यातलाच एक जण फितूर होतो. स्कूबी-डू या कार्टूनवरची २०२० मध्ये आलेली सौम्य आवृत्ती वय आठपासून आहे आणि गोष्ट मजेदार आहे, पण तीही वाचनावर चालते. शिवाय आतापर्यंत शेजारी बसून मदत करणारा बाबाच एकदम राक्षसाच्या बाजूने खेळायला लागतो, हे घाबरट मुलांना खऱ्या भुताहून जास्त लागतं. मोठा ‘मिस्टेरियम’ मला मनापासून आवडतो. मुक्या भुताने स्वप्नासारखी चित्रं द्यायची आणि बाकीच्यांनी त्यावरून गुन्हेगार, जागा आणि हत्यार ओळखायचं, खेळातल्या सात तासांच्या, म्हणजे सात फेऱ्यांच्या आत. त्याचं वय दहापासून आहे आणि गोष्ट खुनाचीच आहे. मुलगी नऊची झाली की आणा. त्याचीच ‘मिस्टेरियम पार्क’ ही आटोपशीर आवृत्ती अर्ध्या तासात होते, आधी ती आणली तरी चालेल.

हे खेळ बाहेरून येतात, महाग पडतात, आणि पैसे घालण्याआधी मुलांना प्रकार रुचतो का ते बघायचं असेल तर एक खेळ घरी करून बघा. मिशेल शानेन यांचा ‘गाइस्टरट्रेप्पे’ हा त्याच पुरस्काराचा २००४ सालचा विजेता, चार वर्षांपासूनच्या मुलांचा. त्यात लोहचुंबक लावलेली भुतं सोंगट्यांवर टोपीसारखी बसतात आणि आपली सोंगटी कोणती तेच कळेनासं होतं. आपण लोहचुंबकाऐवजी चहाचे कागदी कप घेऊ. चारही अगदी एकसारखे हवेत, एखाद्यावर डाग असेल तर मुलं पहिल्या मिनिटात हेरतात. पुठ्ठ्यावर बारा-पंधरा पायऱ्यांचा जिना काढा, एका पायरीवर तीन-चार कप शेजारी मावतील एवढा रुंद. ल्युडोच्या चार रंगांच्या सोंगट्या तळाशी ठेवा. फाशावर एक, दोन, तीन पडलं तर तेवढ्या पायऱ्या वर. चार, पाच, सहा पडलं तर भूत आलं: कोणत्याही एका सोंगटीवर कप पालथा घाला. चारही झाकल्या की पुढच्या प्रत्येक भुताला कोणत्याही दोन कपांची अदलाबदल. कप उचलायचा नाही, सोंगटीसकट सरकवायचा. प्रत्येकाने आपला वाटतो तो कप पुढे न्यायचा. पहिला कप वर पोचला की उचला, ज्याचा रंग निघेल तो जिंकला, मग तो कप आणलेला कोणी का असेना.

या खेळात मोठी माणसं सर्रास हरतात, मुद्दाम हरावं लागत नाही. मुलांची नजर कपावर खिळलेली असते, आपली फोनवर. रडीचा डाव होऊ नये म्हणून एकच अट ठेवा: अदलाबदल सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश.

खेळवण्याबद्दल थोडं. पहिल्या दोन डावांना दिवे मालवू नका. अंधार आणि आवाजाची नक्कल करण्याची हौस मोठ्यांनाच जास्त असते. मुलं स्वतःहून म्हणाली तर एक दिवा ठेवून बाकीचे बंद करा, आणि बटण धाकटीच्या हाताशी ठेवा. मध्येच तिला उठावंसं वाटलं तर ‘एवढ्याला काय घाबरायचं’ म्हणू नका; तिची बाहुली आजींच्या बाहुलीसोबत चालू द्या, ती परत येते. डाव संपल्यावर भुतं तिच्याच हाताने खोक्यात भरून घ्या आणि खोका कुठे ठेवायचा ते तिला ठरवू द्या. झोपायच्या खोलीत नको म्हणाली तर बैठकीच्या कपाटात ठेवा.

एकाहून जास्त खेळ मागवायचे असतील तर एकदम उघडू नका. आधी ‘मिस्टेरियम किड्स’, आणि मुलं कशात जास्त रमतात ते बघा. ओळखण्यात रमत असतील तर पुढचा ‘आउटफॉक्स्ड’, पळापळ आणि फाशाची धडधड हवी असेल तर ‘गाइस्टर, गाइस्टर’.